सहा दाती

सुभेदार आकाराम यांचा या जगात एकाच गोष्टीवर पूर्ण विश्वास होता, तो म्हणजे स्वतःला आलेल्या संशयावर. लष्कराच्या भांडारात त्यांनी सव्वीस वर्षं काढलेली. ब्लँकेट, बूट, मच्छरदाण्या, ज्या ज्या वस्तूला म्हणून पाय फुटू शकतात ती त्यांनी डोळ्यांत तेल घालून राखली. निवृत्त होऊन उंब्रजला आल्यावर नऊ वर्षं ऊस बघितला. पण उसावर संशय घ्यायला फारसं काही नसतं, तो उभा असतो तिथंच असतो. मग घरच्यांची पाळी आली. साखरेच्या डब्यावर खडूनं खूण सापडली तेव्हा त्यांची बायको राहीबाई शांतपणे म्हणाली, "आवं, कुटंतरी नोकरी बगा. आमी चोर न्हाई."

असे ते सांगलीला आले आणि पूर्वभाग मेंढी सुधार संघात तपासनीस म्हणून लागले. मिरज रस्त्यावरच्या एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर संघाचं ऑफिस होतं. मेंढरांतलं त्यांना काही कळत नव्हतं, पण जनावरांतलं कळत होतं. तरुणपणी उंब्रजच्या आसपास कुणाला बैल घ्यायचा झाला की लोक आकारामला बाजारात सोबत न्यायचे. बैलाचा जबडा उघडून ते दात बघत आणि वय सांगत. व्यापारी त्यांना बघून दुसऱ्या गल्लीला लागायचे, हे ते स्वतःच सांगत.

संघाचं काम तसं साधं होतं. साताऱ्याकडचे माण-खटाव आणि सांगलीकडचे आटपाडी-जत या दुष्काळी पट्ट्यातल्या मेंढ्यांची नोंद करायची आणि त्यांतले पैदाशीसाठी ठेवण्याजोगे मेंढे निवडायचे. निवडलेल्या मेंढ्याचा चारा आणि औषध संघाकडून, आणि सगळ्या भागातल्या मेंढरांना तोच मेंढा. त्यामुळं ज्याचा मेंढा निवडला जाईल त्याला दहा गावांत मान. एकूण तीन हजार चारशे बारा मेंढे नोंदवले गेले होते.

निवडायचं कसं, यावर पहिलं वर्ष भांडणात गेलं होतं. वजनाला किती गुण, वयाला किती गुण, यावर एकमत होईना. ज्याचा मेंढा वजनदार तो वजनाला गुण मागायचा, ज्याचा कोवळा तो वयाला. शेवटी जयराज नावाच्या तरुण इंजिनीअरनं तोडगा काढला. गुणच द्यायचे नाहीत. एखाद्या मेंढ्यापेक्षा दुसरा मेंढा कुठल्याच बाबतीत कमी नसेल आणि एखाद्या तरी बाबतीत सरस असेल, तर पहिला बाहेर. ज्याला असा सगळ्या बाजूंनी मागं टाकणारा कुणीच नाही, तो यादीत. बघायच्या गोष्टी तीन: वय कमी, वजन जास्त, आणि आईनं जुळी जास्त वेळा दिलेली. एखादा हलका असेल, पण कोवळा असेल, तर तो टिकतो, कारण वजनदार मेंढा त्याला वयात हरवू शकत नाही. संघाच्या प्रमुख डॉक्टर प्रियदर्शनी याला न हरलेल्यांची यादी म्हणायच्या. भांडणं त्या दिवशी थांबली.

फक्त एक अडचण उरली. बड्या बागायतदारांच्या गोठ्यात जन्मलेल्या मेंढ्यांच्या कानाला बिल्ले होते, जन्मतारखा वहीत होत्या. वस्त्यांवरच्या मेंढ्याला कसली आलीय तारीख. तिथं जाऊन, तोंड उघडून, दात बघून, मालकिणीला विचारून वय लिहावं लागायचं, आणि तेही "अडीच, फार तर पावणेतीन" असं. जयराजनं त्याचीही सोय केली होती. प्रत्येक रकान्यात एकच आकडा न लिहिता दोनतीन अंदाज लिहिता येत, आणि कुठल्या अंदाजाचा किती भरवसा तेही. संगणक सगळे अंदाज एकमेकांशी भिडवून शेवटी सांगायचा की हा मेंढा न हरण्याची शक्यता शंभरात सत्तर, हा शंभरात पाच.

सुभेदारांना हे अंदाज डोळ्यांसमोर नको होते. भांडारात कुणी "अंदाजे चारशे ब्लँकेट" असं लिहिलं असतं तर त्याची रवानगी कुठं झाली असती हे त्यांना पक्कं माहीत होतं. म्हणून त्यांनी गणपतीनंतरचे तीन आठवडे बसून नोंदींची साफसफाई केली. जिथं जिथं दात दिले होते आणि पुढं वय "अंदाजे" होतं, तिथं त्यांनी स्वतःच्या अनुभवानं एकच आकडा घातला आणि पुढं "पक्कं" असा शिक्का मारला. कुणाला विचारलं नाही. विचारायचं असतं ते ज्याला माहीत नसतं त्यानं.

साफसफाई झाली, आणि एका गुरुवारी यादी निघाली.

तेवीस मेंढे. सुभेदारांनी कागद हातात घेतला, चष्मा लावला आणि बोट ठेवून एकेक नाव वाचलं. बावीस नावं बागायतदारांची. पूर्वेकडच्या वस्त्यांवरचे अकराशेच्या वर मेंढे, त्यांतला यादीत आला फक्त एक. मालक गुंडा, जत तालुका.

कुठंतरी पाणी मुरत होतं. अकराशेत एक. आणि तो एक कोण? सुभेदारांनी कपाटातून नोकरांच्या अर्जांची फाइल काढली. त्या भागात वस्त्यांवर फिरून नोंदी घेणारी मुलगी होती समीक्षा. पंचविशीची, धनगर घरातली, बीएस्सी झालेली. स्कूटर घेऊन जत-आटपाडीची रानं पालथी घालायची. तिच्या अर्जात "वडील" पुढं "हयात नाहीत" होतं, आणि "पालक" पुढं नाव होतं गुंडा. नातं, मामा.

सुभेदारांनी फाइल मिटली. त्यांना राग आला होता, पण खरं सांगायचं तर त्यांना बरंही वाटलं होतं. पावणेदोन वर्षं या ऑफिसात कुणीच चोरी केली नव्हती.

पुढं त्यांनी समीक्षाच्या नोंदी काढून बघितल्या. सगळ्या मेंढ्यांना तिनं मुळात "अंदाजे" लिहिलेलं. मामाच्या मेंढ्याला मात्र तारीख. तिच्या बीएस्सीचा निकाल लागला त्या दिवशीचा जन्म, असंही पुढं लिहिलेलं. वय तीन वर्षं एक महिना, पक्कं. म्हणजे परक्यांना अंदाज आणि मामाला तारीख.

ते जयराजच्या टेबलापाशी गेले. जयराज सांगलीचाच, बोलायला गोड, आणि गोड बोलणाऱ्याकडं सुभेदार जरा जास्तच लक्ष ठेवत.

"ही यादी काढायला किती येळ लागला?"

"चहा येईपर्यंत झाली."

"साडेतीन हजार मेंढं, त्यांचं समदं अंदाज, आन च्या येईस्तवर?"

"पहिल्या प्रोग्रामला अख्खी रात्र लागायची, सुभेदार. तो प्रत्येकाला प्रत्येकाशी लावून बघायचा. आता मी आधी पक्के आकडेवाले पुढं घेतो. मग ज्याचा चांगल्यात चांगला अंदाजसुद्धा दुसऱ्याच्या वाईटात वाईट आकड्यापुढं हरतो, तो पहिल्याच फेरीत बाहेर. त्याच्याकडं परत बघतच नाही. म्हणून वेळ वाचतो."

"परत बगतच न्हाई?"

"कशाला बघायचं? तो काही केलं तरी वर येणार नसतो."

सुभेदारांना हे पटलं. माणसांच्या बाबतीत तेही असंच करत. त्यांनी आवाज खाली आणला. "त्या समीक्षानं मागाहून काय बदल केलेत त्याची नोंद असती न्हवं? ती दाव."

जयराजनं बघितलं. "तिनं एकदा भरल्यावर काहीच बदललेलं नाही. बदल आहेत, पण ते इथून, ऑफिसातून झालेत."

"ती माजी साफसफाई. तिला बदल म्हणत न्हाईत."

जयराज काहीतरी बोलणार होता, पण सुभेदार तोवर वळले होते. जिन्याशी गेल्यावर त्यांच्या मनात आलं, हा पोरगा तिला पाठीशी घालतोय. दोघं एकाच वयाची. मग त्यांनी त्याही बाजूनं चार दिवस लक्ष ठेवलं, आणि काही दिसलं नाही, म्हणजे दोघं फार सावध आहेत असं ठरवलं.

बुधवारी समीक्षा महिन्याचे कागद द्यायला ऑफिसात आली. हेल्मेट काखेत, बुटांना तांबडी माती. ऑफिसात सहासात माणसं होती. सुभेदारांनी तिला तिथंच, सगळ्यांसमोर उभं केलं.

"यादीत तुमच्या भागातलं एकच नाव आलंय. कुणाचं ते ठावं हाय न्हवं?"

"हाय. माज्या मामाचं." ती शांत होती, पण तिचा चेहरा आधीच उतरलेला दिसत होता. सुभेदारांच्या हिशेबी ही चोराचीच खूण.

"अकराशेत एक. आन त्यो बी घरचा. ह्येला काय म्हणायचं?"

समीक्षानं खुर्चीचा दांडा धरला. ती हळू आवाजात म्हणाली, "तुमी वय बगा की जरा, सुभेदार."

सुभेदारांना गेल्याच महिन्यात एकसष्टावं लागलं होतं. राहीबाईच्या नकळत मिशा काळ्या करून घेतल्या होत्या, आणि ते सगळ्यांच्या लक्षात आलेलं आहे असा त्यांना संशय होता. ही काल आलेली पोर भर ऑफिसात त्यांचं वय काढत होती.

"माजं वय बगू?" त्यांचा आवाज चढला. "व्हय, वय झालंय माजं. म्हणूनच मला चोरी वळकू येती."

"आवं, तसं न्हवं, मी म्हणत हुती की..."

"बास. नोंदीचा टॅब हितं ठेवायचा आन घरी जायाचं. सोमवारपातूर हिकडं फिरकायचं न्हाई."

समीक्षानं टॅब टेबलावर ठेवला आणि ती जिना उतरून गेली.

डॉक्टर प्रियदर्शनींनी सगळं ऐकून घेतलं. त्यांना हे आवडलं नव्हतं, तरी अकराशेत एक हा आकडा त्यांनाही खुपत होता. त्या म्हणाल्या, "सोमवारी बैठक आहे. तोपर्यंत पुरावा आणा. पुरावा मिळाला तर तिला काढावं लागेल, आणि दोन्ही जिल्ह्यांत जिथं जिथं असली सर्वेक्षणं चालतात तिथं तसं कळवावं लागेल. तिला परत कुणी कामाला घेणार नाही. त्या घरात तिचा एकटीचाच पगार येतो, हे लक्षात ठेवा आणि मगच लिहा."

"खात्रीशिवाय मी काय लिहीत न्हाई, मॅडम," सुभेदार म्हणाले.

पुरावा कुठं मिळेल हे त्यांना ठाऊक होतं. जत तालुक्याच्या पार टोकाला हरणाबाई नावाची एक मेंढपाळ बाई होती. तिचा मेंढा सगळ्या भागात नावाजलेला. यादीत नाव नाही म्हटल्यावर तिनं फोन करून डॉक्टरांना चांगलंच सुनावलं होतं. माझ्या मेंढ्याचं वय समीक्षानं मुद्दाम वाढवून लिहिलं, एवढं तिनं सांगून अंगठा दिला की काम झालं. सुभेदारांनी जबाबाचा मसुदा आदल्या दिवशीच लिहून ठेवला होता. फक्त अंगठ्याची जागा मोकळी होती.

शनिवारी सकाळी ते मोटरसायकलवर निघाले. मिरज मागं पडली, कवठेमहांकाळ मागं पडलं, द्राक्षबागा संपल्या आणि माळ सुरू झाले. बाभळी, निवडुंग, मधूनच एखादी पवनचक्की. अकराच्या सुमारास ते हरणाबाईच्या वस्तीवर पोचले. पत्र्याचं घर, पुढं मेंढरं कोंडायचा काटेरी कुंपणाचा वाडगा, आणि कडुलिंबाला बांधलेला तो मेंढा. पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके, पोपटासारखं बाकदार नाक, आणि उंची अशी की सुभेदारांच्या कमरेच्या वर. मेंढ्यानं त्यांच्याकडं एकदा बघितलं आणि परत रवंथ सुरू केला.

हरणाबाई पासष्टीची, काटक, कपाळावर मोठं हिरवं गोंदण. तिनं घोंगडं अंथरलं, शेळीच्या दुधाचा चहा दिला आणि समोर बसली.

"बोला, पावणं."

सुभेदारांनी जबाब वाचून दाखवला. समीक्षानं मामाच्या फायद्यासाठी माझ्या मेंढ्याचं वय मुद्दाम जास्त लावलं, वगैरे. हरणाबाई ऐकत होती. मध्येच तिनं हात वर केला.

"थांबा. किती वय लावलंय म्हणता?"

"चार वर्सं."

"चार?" ती मेंढ्याकडं बघून हसली. "त्या पोरीनं चार लिवलं? व्हायचं न्हाई. माज्या म्होरं तिनं त्येचं तोंड उघडलं. बोट घालून दात मोजलं, सा निघालं. म्हणली, अक्का, अडीच धरते, लय तर पावणेतीन. मी म्हणलं, आगं माजी नात आन ह्यो एकाच टायमाचं. नात आदी का ह्यो आदी, येवढंच मला आठवत न्हाई. तर म्हणली, मग अंदाजे लिवते, खोटं कशाला लिवायचं."

"सा दाती म्हंजी चार वर्सं, मावशी," सुभेदार समजुतीच्या सुरात म्हणाले.

"कुणी सांगितलं?"

"सांगाय कशाला पायजे? शेकड्यानं बैलं बघितल्यात मी."

हरणाबाईला वाटलं, आपल्या ऐकण्यात चूक झाली.

"बैलं?"

"व्हय. दोन दाती, चार दाती, सा दाती, मग आठ दात पुरं झालं की जुळला. उंब्रजमंदी कुणाला बी इचारा."

"दादा," हरणाबाई म्हणाली, आणि आता तिच्या आवाजात कीव होती, "बैलाचं बैलाला. मेंढरू वरीस-सव्वा वरसात दोन दाती हुतंय. दोनात चार. अडीचात सा. ही हितली शेंबडी पोरं सांगत्याल तुमाला. नातीला माज्या अंगणवाडीत घेत न्हाईत अजून. म्हणत्यात तीन पुरी न्हाईत. आन तिच्या जोडीचा ह्यो चार वर्सांचा?"

सुभेदारांनी हातातल्या कागदाची घडी घातली.

"तुमी किती मेंढ्यांची तोंडं उघडून बघितलीसा?" हरणाबाईनं विचारलं. टोमणा मारायचा म्हणून नाही, खरंच जाणून घ्यायचं म्हणून.

एकाही नाही. साडेतीन हजारांतल्या एकाही मेंढ्याचं तोंड त्यांनी उघडलं नव्हतं. ते उठले, कडुलिंबाखाली गेले आणि मेंढ्याचा जबडा धरला. बैलाच्या मानानं किती लहान तोंड. वरच्या बाजूला दात नाहीतच, हिरडी. खाली मधले सहा मोठे, पांढरेशुभ्र, आणि दोन्ही कडांना एकेक बारका दुधाचा दात अजून टिकून. मेंढ्यानं मान झटकली.

तुमी वय बगा की जरा, सुभेदार.

ते वाक्य त्यांच्या कानात आता नीट शिरलं. ती त्यांचं वय काढत नव्हती. वयाचा रकाना बघा म्हणत होती. तिला ठाऊक होतं. ती सांगायलाच उभी राहिली होती, आणि त्यांनी तिला पहिल्याच फेरीत बाहेर काढलं होतं. सुभेदारांना अतिशय लाज वाटली. इतकी की हरणाबाईकडं पाठ करूनच त्यांनी फोन लावला.

"जयराज, त्ये ऑफिसातनं झालेलं बदल किती हायत?"

"एक हजार एकशे सहा."

"कुणाच्या नावानं?"

जयराज जरा घुटमळला. "तुमच्याच, सुभेदार. त्या दिवशी मी तेच..."

"समदं माघारी फिरव. तिनं जसं लिवलं हुतं तसं. अंदाजे तर अंदाजे. आन यादी काढ, मी फोनवर हाय."

कडुलिंबाखाली उभे राहून ते वाट बघत राहिले. त्या दोनचार मिनिटांत त्यांच्या मनात एक गोष्ट येऊन गेली, ती लपवून उपयोग नाही. बदल गुपचूप परत फिरवता येतील. संगणकाची चूक झाली म्हणता येईल. सोमवारी कुणी विचारणार नाही. ही गोष्ट दुसऱ्या कुणाच्या मनात आली असती तर त्यांनी ती त्याच्या तोंडावरून ओळखली असती. त्यांनी नकळत स्वतःच्या तोंडावरून हात फिरवला.

"झाली," जयराजचा आवाज आला. "आता एकोणतीस आहेत. वस्त्यांवरचे अकरा. हरणाबाईंचा आलाय, न हरण्याची शक्यता शंभरात एक्क्याऐंशी."

"आन गुंडाचा?"

"तो नाही."

"न्हाई म्हंजी? त्येची तर तारीख पक्की हाय. त्येला मी हात बी लावला न्हाई."

"त्याचं काही बदललं नाही, सुभेदार. हरणाबाईंच्या मेंढ्याचं वय परत अडीचवर आलं ना. आता तो गुंडा मामांच्या मेंढ्याहून कोवळाही आहे आणि चार किलो जादाही आहे. त्याच्या आईची जुळी कुणी दोनदा सांगितली, कुणी तीनदा. दोन धरली तर बरोबरी, तीन धरली तर सरस. म्हणजे कुठलाही अंदाज घ्या, मामांचा मेंढा हरतोच. शक्यता शून्य. समीक्षानं भरलं होतं तसंच राहिलं असतं तर तो यादीत कधी आलाच नसता."

सुभेदारांनी फोन खिशात ठेवला. त्या पोरीनं स्वतःच्या हातानं मामाचा मेंढा पहिल्या दिवशीच यादीबाहेर ठेवला होता. त्याला यादीत आणून बसवणारे होते सुभेदार आकाराम, तपासनीस.

त्यांनी जबाबाचा कागद हरणाबाईच्या चुलीत घातला आणि तिचा मेंढा यादीत आल्याचं सांगितलं. तिनं देवाला हात जोडले, मग विचारलं, "आन त्या पोरीचं काय?"

"तिकडंच निघालोय," ते म्हणाले.

गुंडाची वस्ती तिथून आठनऊ किलोमीटरवर होती. खडकाळ वाटेनं मोटरसायकल चालवताना सुभेदार मनात शब्द जुळवत होते. पोरीची माफी मागणं अवघड होतंच, पण त्याआधी मामाला सांगायचं होतं की तुझा मेंढा यादीतून गेला. एवढा मान मिळालेला, आठवड्यानं काढून घेतलेला. चार शिव्या बसणार, कदाचित काठीही. त्यांनी ठरवलं की खाऊन घ्यायच्या.

गुंडा दारातच दोरी वळत बसला होता. पन्नाशीचा, उंचापुरा, डोक्याला तांबडं मुंडासं. समोर दहा पावलांवर दुसरं लहान घर होतं, समीक्षाचं आणि तिच्या आईचं. त्याचं दार पुढं ओढलेलं होतं. मेंढा एका बाजूला बांधलेला होता. त्याच्या अंगावर ना गुलाल, ना गळ्यात नवा गोंडा. सुभेदारांना त्याचं नवल वाटलं.

त्यांनी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. यादीत चूक झाली होती. चूक माझी. बैलाच्या हिशेबानं मी मेंढरांची वयं लावली. आता यादी परत काढली. "तुमचा मेंढा त्यात न्हाई."

गुंडानं दोरी खाली ठेवली. "हरणाक्काचा हाय?"

"हाय."

"आन माजा गेला?"

"गेला."

गुंडानं मुंडाशाचा शेव ओढून डोळ्यांना लावला. हा गडी रडतोय हे सुभेदारांच्या उशिरा ध्यानात आलं.

"पावणं," गुंडा म्हणाला, "माज्या मेंढ्याला हरणाक्काच्या मेंढ्याची सर न्हाई, ह्ये मला बी ठावं हाय. समी तर पयल्याच दिशी म्हणली हुती, मामा, आपला बसत न्हाई. म्हणलं नसू दे. मग यादी आली, अन् आपलं नाव. अक्काचं न्हाई. मला काय वाटलं आसंल?"

सुभेदार त्याच्या समोर खाली बसले.

"वाटलं, पोरीनं माज्यापायी खोटं लिवलं. बापामागं मी सांबाळली, त्येची फेड म्हणून. मी तिला तोंडावर चोर म्हणलो. ती रडली, शपता घेतल्या, मामा म्या केलं न्हाई म्हणली. मी म्हणलं, मग कुणी केलं? सांगलीत बसून माज्या मेंढ्याचं भलं कोण करणार हाय? धा दिस झालं, तिच्या हातचं पानी घेतलं न्हाई मी. समोर ऱ्हाती, तरी बगितलं न्हाई तिच्याकडं."

म्हणजे त्या बुधवारी ती ऑफिसात आली तेव्हा घरातून असं ऐकून आली होती. सुभेदारांना तिचा उतरलेला चेहरा आठवला आणि त्यांना समोर बघवेना.

गुंडानं समोरच्या घराकडं तोंड केलं. दोनदा घसा साफ केला. "समे," त्यानं हाक मारली, "पानी आन गं."

दार लगेच उघडलं. ती आतून सगळं ऐकत असणार. समीक्षानं तांब्या आणला. पाहुण्याला आधी द्यायची रीत, पण ती सरळ मामापाशी गेली. गुंडानं तांब्या तोंडाला लावला आणि खाली ठेवायच्या आधी रिकामा केला. ती तो परत घेऊन आत गेली, पुन्हा भरून आणला आणि सुभेदारांच्या पुढ्यात ठेवला.

"पोरी, मी चुकलो," सुभेदार म्हणाले. आयुष्यात हे वाक्य त्यांनी किती वेळा म्हटलं असेल, ते बोटावर मोजता आलं असतं. "मला माफ कर."

समीक्षानं ओढणीनं हात पुसले. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, पण ती नरमलीही नव्हती.

"हितं नगं, सुभेदार," ती म्हणाली. "समद्या ऑफिसाम्होरं चोर म्हणला हुता. सोमवारी समद्याम्होरंच म्हणा. मी बी येती ऐकाय."

सुभेदारांनी मान हलवली आणि तांब्या उचलून पाणी प्यायले.